कोकण किनाऱ्याने गाडी घेऊन निघताय? मुक्कामाची गावं कशी निवडाल

पहिल्यांदा पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याच्या हद्दीपर्यंत जायचं ठरवलं, तेव्हा मी नकाशा बघून सरळ अंतराला दिवसांनी भागलं. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे दुपारच्या जेवणाला पुढच्या गावी, असा हिशोब. तिसऱ्या दिवशी रात्री आम्ही तवसाळच्या धक्क्यावर उभे होतो आणि शेवटची फेरी निघून गेली होती. खाडीपलीकडे जयगडचे दिवे डोळ्यांसमोर दिसत होते. आमची खोली त्या दिव्यांच्याही पुढे, गणपतीपुळ्याला. मग गाडी वळवली आणि आबलोली, भातगावचा पूल, जाकादेवी असा अंधारातून वळसा घालत साडेअकराला पोचलो. मालकांनी ताटं झाकून ठेवली होती. भात गार झाला होता, आमटी मात्र त्यांनी पुन्हा गरम करून वाढली. जेवता जेवता अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "गुहागरला राहायला काय हरकत होती?"

हरकत काहीच नव्हती. गुहागर आम्ही दुपारी तीनला ओलांडलं होतं. त्यानंतर हा रस्ता आणखी चार वेळा केला, दर वेळी मुक्काम थोडे बदलून. जे हाती लागलं ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहितोय. दिवाळीनंतर ते मार्चअखेर हा काळ धरला आहे. पावसाळ्याचं गणित वेगळं असतं.

१. आधी खाड्या मोजा, मग गावं

रेवसपासून रेडीपर्यंतचा हा सागरी रस्ता नकाशात सलग रेघ दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी तो तोडते. काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी गाडी तरीत, म्हणजे फेरीबोटीत, चढवावी लागते. मुक्काम ठरवायच्या आधी कागदावर या चार जागा लिहून काढा:

– आगरदांडा ते दिघी, राजपुरीची खाडी. तरी बंद असेल तर म्हसळ्याकडून वळसा.
– बागमांडला ते वेसवी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी. वळसा आंबेत-म्हाप्रळकडून.
– दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची खाडी. वळसा खेड-चिपळूणमार्गे, आणि हा वळसा अर्धा दिवस खातो.
– तवसाळ ते जयगड, शास्त्रीची खाडी. वळसा वर सांगितलाच, भातगावच्या पुलावरून.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे आलात तर पहिली तरी लागतच नाही. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, गाडी आणता येते. ती सोय चांगली आहे, पण अलिबाग-मुरूड बघायचं असेल तरच. या खाड्यांवर नवे पूल बांधायचं काम सरकारने हाती घेतलं आहे, तेव्हा निघण्याआधी त्या-त्या ठिकाणची स्थिती विचारून घ्या.

आता नियम. दिवसाची तरी दुपारी चारच्या आत पार करायची आणि मुक्काम पलीकडच्या काठावर करायचा. "आज इथेच राहू, उद्या पहिल्या फेरीने जाऊ" हे ऐकायला छान वाटतं. पण सकाळी पोरं उठत नाहीत, घावणे तव्यावर असतात, काकू दुसरा चहा टाकतात, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत रांग लागलेली असते. शनिवार-रविवारी तर हमखास. एका दिवसात तरीच्या दोन खाड्या धरू नका. आम्ही नेमकी तीच चूक केली होती, दाभोळ आणि तवसाळ एकाच दिवशी.

फेऱ्यांच्या वेळा मोसमाप्रमाणे आणि वारानुसार बदलतात. त्या दिवशी सकाळी फोन करून विचारलेली वेळच खरी मानायची.

२. दिवस मोजताना किलोमीटर विसरा

किनाऱ्याच्या रस्त्याने माझी सरासरी ताशी तीस किलोमीटरच्या वर कधी गेली नाही. रस्ता गावाच्या मधून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, समोरून एसटी येते आणि मग कुणीतरी मागे जायचं असतं. बहुतेक वेळा तुम्हीच, कारण एसटीचा ड्रायव्हर काच खाली करून नुसता बघत बसतो.

म्हणून दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर पुरे. आणि शक्य असेल तिथे एका गावी दोन रात्री. एक रात्र राहिलात तर त्या गावात फक्त अंधार बघता: संध्याकाळी सामान उतरवायचं, सकाळी चढवायचं. शिवाय ओले कपडे दमट हवेत एका रात्रीत वाळत नाहीत, मग पुढच्या गावापर्यंत गाडीत तो कुबट वास.

आठ रात्री हातात असतील तर माझी वाटणी अशी: दिवेआगरला एक, आंजर्ल्याला दोन, गुहागरला दोन, देवगडला एक, मालवणला दोन. पाचच रात्री असतील तर सगळा किनारा करायचा हट्ट सोडा. एक तर दिवेआगर ते गुहागर करा, नाहीतर रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत. महामार्गाने मधेच उतरता-चढता येतं.

३. प्रत्येक टप्प्यात नेमकं कोणतं गाव

दिवेआगर, श्रीवर्धन की हरिहरेश्वर? तिघंही वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यांत आहेत, म्हणून लोक गोंधळतात. राहायला दिवेआगर घ्या. माडा-पोफळीच्या वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या पाखाड्या, म्हणजे अरुंद वाटा, सपाट लांब पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि वाडीतल्या घरांमध्ये जेवणाची सोय. सुवर्णगणेशाचं देऊळही इथलंच. मूर्ती २०१२ मध्ये चोरीला गेली होती, ती २०२१ मध्ये पुन्हा गावात आली. श्रीवर्धन हे तालुक्याचं गाव, बाजारपेठ, पेट्रोल, एटीएम यासाठी. हरिहरेश्वरला दर्शन आणि प्रदक्षिणा करून पुढे जावं. प्रदक्षिणेची वाट देवळामागून समुद्राच्या खडकांवरून जाते. भरतीच्या वेळी तिथे पाऊल टाकायचं नाही, लाटेने माणसं ओढली गेली आहेत. दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याचा रस्ता शेखाडीवरून जातो. तो सकाळी करा, घाईत नको.

वेसवीला उतरल्यावर पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे अशी ओळच आहे आणि मागे वर दापोली. पुष्कळ जण दापोलीत हॉटेल घेतात, कारण नाव ऐकलेलं असतं. दापोली डोंगरावर आहे, समुद्र तिथून खाली. रोज दोनदा घाट चढायचा-उतरायचा असेल तरच तिथे राहा. मला आंजर्ले आवडतं. कड्यावरच्या गणपतीजवळून खाली बघितलं की माडांचं छप्पर आणि पलीकडे सुवर्णदुर्ग. हर्णैचा मासळीचा लिलाव खाडीवरच्या पुलामुळे इथून जवळ पडतो. मात्र हर्णैलाच राहिलात तर मासळीचा वास रात्रीही सोबत असतो हे धरून चाला. मुलं लहान असतील आणि पाण्यात खेळायचं असेल तर मुरूड-कर्दे बरं, पण सुट्टीच्या दिवशी तिथे किनाऱ्यावर जत्रा असते.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जात असाल तर वेळासला एक रात्र द्या. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी. गावकऱ्यांच्याच घरी राहायचं, जमिनीवर गाद्या, साधं जेवण. पिल्लं त्या दिवशी निघतील याची हमी कुणी देत नाही, द्यावीही नाही.

गुहागर. इथे मी जरा पक्षपाती आहे. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे वाड्या, वाड्यांमागे सुरूचं बन आणि समुद्र. व्याडेश्वराच्या देवळापासून चालत दहा मिनिटांत पाण्यात पाय. गाडी दोन दिवस जागची हलवली नाही तरी चालतं, आणि अण्णांसारख्या गुडघेवाल्या माणसाला हे फार मोठं सुख. एक दिवस पालशेत, हेदवी, वेळणेश्वर करून परत यायचं. हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीची वेळ साधा. ओहोटीला नुसती भेग दिसते. भरतीला तीतून पाणी उसळतं ते बघत बसावं, लांबूनच.

गणपतीपुळ्याबद्दल माझं मत सगळ्यांना पटत नाही. दर्शन घ्या, राहू नका. हॉटेलांची गर्दी आहे आणि मुक्काम देवस्थानाच्या दिनक्रमाभोवती फिरतो. राहायचंच असेल तर शेजारच्या मालगुंडला राहा. केशवसुतांचं जन्मगाव, शांत आहे. संकष्टीला, आणि अंगारकीला तर अजिबात, त्या बाजूला गाडी नेऊ नका. तिथून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीत उतरायचं. रत्नागिरी शहर आहे: गाडीचं काम, औषधं, मुलांचा चष्मा तुटला, असं काही असेल तर इथे उरकायचं.

रत्नागिरीच्या खाली रस्ता लांबतो आणि माणसं विरळ होतात. पावस, पूर्णगड, आडिवरे, कशेळी, जैतापूर. बघायला भरपूर, राहायला मोजकं. इथे आधी फोन न करता "मिळेल कुठेतरी" म्हणून निघू नका. आम्ही देवगड गाठतो. कुणकेश्वरचं देऊळ समुद्राला लागून आहे, तिथेही राहता येतं. महाशिवरात्रीच्या जत्रेत मात्र नाही. विजयदुर्ग बघायचा तर वाटेत दोन-तीन तास मोकळे ठेवा.

मालवण, तारकर्ली की देवबाग? हाही नेहमीचा प्रश्न. तारकर्लीपासून पुढे देवबागेपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि आत जायला-यायला एकच रस्ता. देखणी जागा, पण नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात त्या रस्त्यावर गाड्या एकमेकींना तोंड लावून उभ्या असतात. त्या दिवसांत मालवण गावात राहा: धक्का जवळ, सिंधुदुर्गाच्या होड्या जवळ, मासळीची ताटं जवळ. एरवी देवबाग.

शेवटचा टप्पा वेंगुर्ले-शिरोड्याचा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं हेच. वाटेत आरवलीच्या वेतोबाला थांबा. तिथे नवसाच्या चपला वाहतात, एकेक चप्पल हातभर. इथे राहायचं असेल तर मालवणची एक रात्र कमी करून इकडे टाका. गोव्यात शिरायचं असेल तर तेरेखोलला तरीने केरीला उतरा, नाहीतर आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलावरून.

४. तारीख ठरवताना तिथी बघा

हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, घाटावरच्याला मात्र सांगावं लागतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा: तीच साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. त्याच्यापुढे सहा तासांनी ओहोटी.

याचा मुक्कामाशी संबंध काय? अष्टमीच्या सुमाराला संध्याकाळी सहाला भरती असते, म्हणजे सूर्यास्ताला पुळण अरुंद झालेली. पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आगेमागे संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं आणि चालायला मैलभर ओली वाळू. पण ते उधाणाचे दिवस, दुपारची भरती जोरात चढते. वाळूवर गाडी नेऊन फोटो काढणारे बहुधा त्याच दुपारी सापडतात. चाकं रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी थांबत नाही. गाडी वाळूवर न्यायचीच नाही.

आणखी तीन तारखा टाळा. गणपतीत कोकणातली घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, तुम्हाला खोली द्यायला घरात जागाच नसते आणि महामार्गाची अवस्था वेगळी सांगायला नको. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीच्या आशेने गेलात तर निराशा.

५. फोटो बघून नाही, फोन करून ठरवा

एका ठिकाणी "समुद्रासमोर" अशी जाहिरात बघून पैसे भरले होते. समुद्र समोरच होता, मधे फक्त दुसऱ्याची आमराई, एक नाला आणि सुरूचं बन. तेव्हापासून फोनवर सरळ विचारतो: "खोलीतून निघाल्यावर पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं? मधे रस्ता ओलांडावा लागतो का?"

विचारायच्या बाकीच्या गोष्टी: गाडी फाटकाच्या आत राहते की रस्त्यावर, खोली तळमजल्यावर आहे का, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, मोबाइलला कोणत्या कंपनीची रेंज येते, आगाऊ रक्कम परत मिळते का.

घरगुती ठिकाणी एक प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल: "किती पानं?" म्हणजे जेवायला किती माणसं. हा आकडा दुपारपर्यंत कळवायचा आणि कळवला की पाळायचा. हॉटेल नसतं, चुलीवर तेवढंच शिजतं. गुहागरच्या आमच्या काकू फोनवर पहिला प्रश्न पानांचा विचारतात, दुसरा मोदकांचा. "उकडीचे हवेत ना? मग आत्ता सांगा, नारळ खवायचे असतात. आणि अंधार करू नका हो येताना." मासे हवे असतील तर ते घर करतं का हे आधी विचारा. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर इथली अनेक घरं शाकाहारी आहेत. जी मासे करतात त्यांतलीही काही सोमवारी किंवा संकष्टीला करत नाहीत.

आणि एक सापळा, ज्यात माझ्या ओळखीचं एक अख्खं कुटुंब अडकलं: नावं. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात. दोघांच्या मधे तरीच्या दोन खाड्या. वेळासही दोन, एक दिवेआगरच्या बाजूला आणि एक कासवांचं. बुकिंग करताना तालुका विचारा.

६. बरोबर काय काय हवं

गाडीचे कागद: परवाना, आरसी, विमा, पीयूसी. मुक्कामाला प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड, एक झेरॉक्स संच वेगळा ठेवा, म्हणजे मूळ कार्ड हातोहात फिरत नाही.

रोख पैसे, सुट्टे. तरीवर आणि छोट्या खानावळीत रेंज नसली की मोबाइलवरचे पैसे अडकतात. प्रत्येक मुक्कामाचा फोन नंबर आणि पत्ता कागदावर. नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. ते तरीची वाट दाखवतात, तरी चालू आहे का हे सांगत नाहीत. कधी पाखाडीत नेऊन सोडतात, जिथे गाडी वळत नाही. चौकातल्या दुकानात विचारा.

स्टेपनीत हवा. टॉर्च, कारण रात्री वाडीत दिवे नसतात आणि पायाखाली काय आहे ते बघावं लागतं. डासांचं मलम. गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरायचं: श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण. काटा अर्ध्यावर आला की भरा.

७. परतीचा मुक्काम आधीच ठरवा

हा सगळे विसरतात. वेंगुर्ल्याहून पुण्याला एका दमात यायचं म्हटलं तर पहाटे निघून रात्र होते, आणि आठ दिवस दमलेला ड्रायव्हर घाटात नको. सावंतवाडीवरून वर चढलं की आंबोली. तिथे एक रात्र टाका, किंवा पुढे आजऱ्यावरून कोल्हापूरला. आंबोलीत हवा एकदम गार होते, शाल वर काढून ठेवा. सामानात ती बहुतेक वेळा सगळ्यात खाली, ओल्या टॉवेलांच्या ढिगाऱ्याखाली सापडते.